वांगी रंगाचं लुगडं

नंदनवन, नागपूर
१२ सप्टेंबर १९७८

जया हीस,

तुझ्या नावामागे आता काय लावावं ते मला कळत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. काडीमोड झाल्यावर तू माझी जाऊ राहिली नाहीस, आणि परक्या बाईला मी आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही. इकडे सगळं बरं आहे. तिकडे बरं असणारच.

कामाचं बोलते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी यांच्याकडे माझे भिशीचे सहाशे रुपये मागितले. गेल्या साली उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या भिशीत माझा नंबर लागला होता आणि पैसे मी यांच्याजवळ ठेवायला दिले होते. प्लॉट घेताना माझी गळ्यातली एकदाणी मोडली, ती पुन्हा करायची आहे, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. तर हे आधी पानाचा डबा शोधायला लागले. मग म्हणाले, "ते पैसे जयाले देल्ले."

मी म्हटलं, "कोणत्या जयाले?"

तर म्हणाले, "आपल्या."

आपल्या. माझा दीर शालिकराम पाट लावून दुसरी घेऊन आला, तू पंचांसमोर काडी मोडून माहेरी गेलीस, घरातून तुझं नाव निघालं, आणि यांच्या तोंडी तू अजून आपली. विणायचा माग घ्यायला दिले म्हणे. ना कागद, ना साक्षीदार, ना ज्या बाईचे पैसे तिला विचारणं.

हे गांधीबागेतल्या ठोक दुकानाचे दिवाणजी आहेत, महिन्यातून एकदा खरेदीसाठी उमरेडला जावंच लागतं, हे मी ऐकत आले. परत येतात तेव्हा भूक नसते. मी ताट वाढते, हे म्हणतात, जेवून आलो. कुठे जेवले ते मी कधी विचारलं नाही, कारण मी भोळी. आता विचारते आहे, आणि त्यांना नाही, तुला विचारते आहे.

दिवाळीच्या आत सहाशे रुपये पोचते कर. हे अंतर्देशीय पत्र नीट चिकटवून पाठवते आहे, कारण तुला नसली तरी मला तुझ्या अब्रूची काळजी आहे. पुढचं पत्र उघड्या कार्डावर येईल, मग ते कोण कोण वाचेल ते तुझं नशीब.

सौ. गोपिका


उमरेड
२० सप्टेंबर १९७८

सौ. गोपिकाबाईंना जयाचा नमस्कार.

पत्र पोचलं. ते पैसे तुमच्या भिशीचे होते हे मला माहीत नव्हतं. दिवाणजींनी सांगितलं नाही. इथे मागवाल्यांच्या गल्लीत सगळे त्यांना दिवाणजी म्हणतात, मीही तेच म्हणते. मोठ्या दिराला भासरे म्हणायचं ते नातं उरलं नाही असं तुम्हीच लिहिलं आहे.

माहीत असतं तर घेतले नसते, असं लिहायला बसले होते. पण खोटं कशाला लिहू. घेतलेच असते. फक्त आधी नागपूरला येऊन तुम्हाला सांगितलं असतं.

काडीमोडाच्या दिवशी पंचांनी माझे डागिने परत करायला सांगितले होते ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही तिथेच बसला होतात. शालिकरामने ते आजपर्यंत दिलेले नाहीत. मी इथे आले तेव्हा बाबा गेलेले, त्यांचा माग वाळवीने खाल्लेला. मी दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसत होते. दिवाणजी खरेदीला आले, त्यांनी ते पाहिलं, आणि पुढच्या खेपेला पैसे आणून दिले. म्हणाले, "आमच्या घरानं तुये डागिने ठेवून घेतले, हे मले पाहावत नाही. पण दान समजू नोको, उसने हायेत." उसनेच आहेत आणि मी ते फेडते आहे. किती फिटले ते त्यांना विचारा. घरी सांगू नको असं त्यांनी बजावलं आहे, आणि शब्द दिला तो दिला.

जेवणाचं विचारलंत. खरेदीवाले सगळे अडत्याकडे जेवतात, दिवाणजीही तिथेच जेवतात. माझ्या दारात ते उभे राहतात, तांब्याभर पाणी पितात आणि जातात. पायताणसुद्धा काढत नाहीत.

सगळे पैसे दिवाळीला जमणार नाहीत. माग हाच माझा नवरा आणि हाच माझा पोरगा आहे, त्याच्यावर जेवढं निघेल तेवढं मी देईन. तुमच्या लतिकाला आशीर्वाद.

जया


नंदनवन, नागपूर
५ ऑक्टोबर १९७८

जया हीस,

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग पिठाच्या डब्यात ठेवलं, कारण घरात दुसरी जागा यांना न सापडणारी नाही.

"शब्द दिला तो दिला." कुणाला दिला? माझ्या नवऱ्याला. म्हणजे तुमच्या दोघांत एक शब्द आहे आणि मी त्याच्या बाहेर उभी आहे, हे तू मला माझ्याच घरी पोस्टाने कळवतेस. यांना विचारलं, किती फिटले? तर म्हणाले, "फिटून राहिले ना. काहून घाई करून राहिली?" एवढं बोलून आंघोळीला गेले. संध्याकाळची आंघोळ हे कधी करत नाहीत.

तू लिहितेस पायताण काढत नाहीत. ही असली बारीक गोष्ट बाई कधी ध्यानात ठेवते ते मला कळतं. तू चार वर्षं माझ्या चुलीपाशी काढलीस, मी तुला ओळखते. तुझ्या पाटोड्या खाऊन हे म्हणाले होते, "जयाचा हात हलका हाय वं. तू एवढं बेसन काहून घालते?" सगळ्यांच्या देखत म्हणाले. तू मान खाली घातलीस, पण मला तुझे गाल दिसत होते. त्या दिवसापासून मी पाटोड्या केलेल्या नाहीत आणि यांनीही पुन्हा मागितलेल्या नाहीत. मला जळायला होतं असं म्हणायचं असेल तर म्हण. होतं. नवरा माझा आहे, जळायचा हक्कही माझाच आहे.

पण तुझी काही समजूत झाली असेल तर ती काढून टाकते. गेल्या दिवाळीला यांनी मला लुगडं आणलं. वांगी रंगाचं, करवती काठाचं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. लुगडं घ्यायचं म्हणजे हे पैसे माझ्या हातावर ठेवणार आणि म्हणणार, "घे तुले पायजे ते." मी हिशोबी बाई, मळखाऊ रंग घेऊन येणार. वांगी रंग मला आवडतो हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. आणि यांना ठाऊक होतं. अक्षय्यतृतीयेला पुन्हा एक आणलं, तेही वांगीच, थोडं फिक्या अंगाचं. मी विचारलं, "तुम्हाले कसं कळलं?" तर नुसते हसले. काही माणसं बोलत नाहीत पण आतून पाहत असतात. शालिकरामसारख्याबरोबर संसार केलेल्या बाईला हे समजायचं नाही.

लुगड्यांवरून आठवलं. काडी मोडलीस त्या दिवशी आमच्या घरची तुझी पाच लुगडी तू घडी करून ओसरीवर ठेवून गेलीस. रीतच आहे ती. काडी मोडली की त्या घरचं तू अंगाला लावायचं नाही आणि तुझ्या हातचं त्या घरच्यांनी लावायचं नाही. मी तर ती हाताने उचललीसुद्धा नाहीत. काठीने सरकवली आणि भांडेवालीला देऊन टाकली. पातेल्याएवढा एक गंज मिळाला त्यावर, तो अजून गळतो.

तेव्हा दिवाळी म्हणजे दिवाळी. सहाशेला एक रुपया कमी चालणार नाही.

सौ. गोपिका


उमरेड
१४ ऑक्टोबर १९७८

सौ. गोपिकाबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. दिवाळीला पन्नास रुपये पाठवते, जास्त होणार नाहीत.

लुगडी तुम्हाला शोभत असतील. तुमचा रंग उजळ आहे, वांगी चांगला दिसतो. साबणाने धुऊ नका, रिठ्याच्या पाण्यात धुवा, आणि गडद आहे त्याला पहिल्या पाण्यात मूठभर मीठ घाला. पिळू नका. सावलीत वाळवा, नाहीतर काठ आखडतो.

पाटोड्यांचं मला आठवत नाही. गाल लाल झाले असतील तर चुलीने झाले असतील, त्या दिवशी लाकडं ओली होती.

जया


(पोस्टकार्ड)

नंदनवन, नागपूर
२४ ऑक्टोबर १९७८

जया हीस, माझं लुगडं कसं धुवायचं ते मला शिकवू नकोस. पन्नास रुपयांची मनीऑर्डर पाठवू नकोस, मी भीक घेत नाही. माझ्या घरचे सहाशे रुपये उसने घेऊन तू माग घेतलास आणि दीड वर्ष झालं दाबून बसलीस, हे वाचणाऱ्या सर्वांनी वाचावं. दिवाळी झाली की शालिकराम बैलबंडी घेऊन येईल आणि माग उचलून नेईल. विकून येतील ते पैसे माझे. गोपिका.


उमरेड
६ नोव्हेंबर १९७८

गोपिकाबाई,

तुमचं कार्ड आलं तेव्हा मी सूत आणायला गेले होते. ते शेजारच्या मीराबाईने घेतलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने ते वाचून घेतलं, आणि ज्याने वाचलं त्याचा आवाज मोठा आहे. मी परत आले तेव्हा बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. तुम्हाला हवं होतं ते झालं.

पण तुम्हाला माहीत नसलेलंही झालं. आम्हाला काठाचं रेशीम अडत्या उधार देतो, लुगडं विकलं की पैसे कापतो. त्याने निरोप पाठवला की ज्या मागावर जप्ती यायची आहे त्याला उधार रेशीम मिळणार नाही. ऐन दिवाळीत माझा माग रिकामा राहिला. लक्ष्मीपूजनाला मी त्यावर नुसतं हळदकुंकू वाहिलं.

म्हणून आता शब्द मोडते. दिवाणजींची माफी मी माझी मागून घेईन.

तुमच्याकडची ती दोन लुगडी दिवाणजींच्या दुकानातली नाहीत. ती माझ्या या मागावर विणलेली आहेत. दीडशेला एक धरून दिवाणजींनी ती उसन्यात वळती केली. सहाशेतले तीनशे असे फिटले. पैसे तुमचे होते हे आता कळलं, म्हणजे तुमचेच पैसे तुमच्याच अंगावर आले.

मागच्या सालच्या दिवाळीच्या आधी ते म्हणाले, "हिच्यासाठी एक लुगडं विण, हप्त्यात धरू." मी म्हटलं, काडी मोडलेल्या बाईच्या हातचं त्या चालवून घेणार नाहीत. तर म्हणाले, "तिले कोण सांगते?" मी रंग विचारला. म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. चार वर्षं तिच्या संग राहिली, तूच पाय." म्हणून वांगी मी घातला. अक्षय्यतृतीयेलाही त्यांनी रंग सांगितला नाही. मीच म्हटलं, तोच घालते, थोडा हलका.

खोटं वाटत असेल तर दोन्ही लुगडी काढा. पदराचं टोक नाही, आतलं, जे तुम्ही कमरेला आधी खोचता ते. तिथे दशीला लागून तीन पिवळे धागे आहेत. बाबा घालायचे, मी घालते. गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत. आमचं आम्हाला कळावं म्हणून असतात.

हे मी तुम्हाला मागच्याच पत्रात लिहू शकले असते. तुम्ही लुगड्याबद्दल जे लिहिलं ते वाचून लिहवलं नाही. आता तुम्ही माझी अब्रू गल्लीत वाचली, मग मी तुमचं सुख कशाला सांभाळू.

माग न्यायचा तर न्या. सोडवायला दोन माणसं लागतील. मी हात लावणार नाही.

जया


नंदनवन, नागपूर
२० जानेवारी १९७९

जया हीस,

तुझं पत्र आलं तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. पेन घ्यायची आणि ठेवायची.

पत्र वाचलं त्याच दुपारी पेटी उघडली. गडद वांगी आधी काढलं. आतलं टोक उलटून पाहिलं. होते. मग फिकं काढलं. त्यालाही होते. एवढे दिवस ते माझ्या कमरेला खोचलेले होते आणि मी ते नेसून भिशीत, लग्नांत, देवळात मिरवत होते. बायकांना सांगत होते, आमच्या यांची निवड आहे. काठीने तुझी लुगडी सरकवणारी मी, आणि तुझे धागे माझ्या पोटाला.

चूल पेटलेली होती. जाळून टाकावं असं आलं मनात. मग आठवलं, दीडशेचं एक, आणि तेही माझ्या भिशीचं. जाळलं नाही. कात्री घेऊन पिवळे धागे तेवढे ओढायला बसले. एक निघाला तशी सगळी कड उसवायला लागली, म्हणून सोडून दिलं. काम पक्कं आहे तुझं. एवढं लिहिताना माझा हात दुखतो आहे, तेव्हा पुन्हा लिहिणार नाही.

शालिकराम बंडी सांगून आला होता. त्याला मी म्हटलं, आधी पंचांनी सांगितलेले तिचे डागिने तिला नेऊन दे, मग तिच्या मागाला हात लाव. तो बंडीवाल्याशी भांडून परत गेला, अजून आलेला नाही. हे मी तुझ्यासाठी केलं असा समज करून घेऊ नकोस. माझे तीनशे रुपये त्या मागावर अडकलेले आहेत. माग गेला तर तू कशाने देणार? याच कारणाने तुमच्या अडत्यालाही एक कार्ड टाकलं आहे, की माग आमच्या संमतीने चालू आहे. उघडं कार्ड आहे. तुमच्या गल्लीत वाचणाऱ्यांना सांग, तेही मोठ्याने वाचा.

यांना मी काहीच बोलले नाही. का नाही ते सांगते. संक्रांतीला मी तेच गडद वांगी नेसले. तिळगूळ दिला, यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "सांगा बरं, मले कोणता रंग आवडते?"

हे चहा पीत होते. बशी खाली ठेवली नाही. म्हणाले, "हिरवा."

मी म्हटलं, "कशावरून?"

म्हणाले, "सगळ्या बायकांले हिरवाच आवडते." आणि मग माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रेमाने पाहिलं, आणि पुन्हा चहा प्यायला लागले. ओढूनताणून भांडावं असंही त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मी भांडले असते तर हे बिचारे ओशाळले असते आणि मग जन्मात पुन्हा काही आणलं नसतं.

तुझा राग मला यांच्यामुळे येत होता तोवर बरं होतं. तो राग सगळ्या बायकांना कळतो, शेजारणीला सांगता येतो. आता जे होतं ते कुणाला सांगता येत नाही. बावीस वर्षं ज्या माणसाला रोज ताट वाढलं त्याला माझा रंग ठाऊक नाही, आणि तू चार वर्षं नुसती बाजूला बसून ओळखलास. मी समजत होते तू यांच्याकडे पाहत होतीस. तू तर माझ्याकडे पाहत होतीस. याची मला जास्त आग होते जया. यांना लुटलं असतंस तर मी तुला शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी तो रंग कधीच कुणाला सांगितला नव्हता. तू कधी पाहिलंस? तेवढं कळव.

उरलेले तीनशे रोख हवेत, माझ्या नावाने मनीऑर्डरने, जमतील तसे. यांच्या हातात काही देऊ नकोस, लुगडं तर नाहीच.

गोपिका


उमरेड
१२ फेब्रुवारी १९७९

सौ. गोपिकाबाईंना जयाचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अडत्याने रेशीम सोडलं. तुमचं कार्ड मीराबाईने पुन्हा वाचून घेतलं, या वेळी तिने स्वतःहून चार घरी नेलं.

तुम्ही विचारलं ते सांगते. लतिकाच्या जावळाच्या आधी आपण दोघी गांधीबागेत गेलो होतो. तुम्हाला सगळ्यांसाठी कापड घ्यायचं होतं. दुकानदाराने एक वांगी लुगडं उलगडलं. तुम्ही त्यावर हात ठेवला आणि किंमत ऐकेपर्यंत उचलला नाही. किंमत ऐकल्यावर हात मागे घेतला आणि म्हणालात, "हा रंग डोयात खुपते." घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं माझं काही चुकलं. मग कळलं. मी मागवाल्याची मुलगी आहे, कापडावर ठेवलेला हात मला वाचता येतो. दिवाणजींना येत नाही, त्यांना ठोकमधले ठाण कळतात. त्यात त्यांचा दोष नाही.

सोबत चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली आहे. तुमच्या नावाने.

आता एक अडचण आहे, म्हणून लगेच लिहिते. दिवाणजी परवा आले होते. नेहमीसारखे दारात उभे राहिले नाहीत, आत येऊन बसले. तुम्ही रागावू नका, पायताण या वेळी काढलं. म्हणाले, "गुढीपाडव्याले हिच्यासाठी एक लुगडं पायजे. हिनं मले रंग विचारला संक्रांतीले. बाई असं उगीच विचारत नाही, तिले लुगडं पायजे असन." मी म्हटलं, वांगीच घालू? तर म्हणाले, "नाही नाही, हिरवा. मी तिले सांगतलं ना हिरवा म्हणून."

मग माझ्याकडच्या सुताच्या सगळ्या लडी त्यांनी खाली मांडायला लावल्या. एक उचलायची, दारातल्या उजेडात न्यायची, परत ठेवायची. मला विचारायचे, "हा का तो?" मी काही बोलले नाही, या वेळी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी त्यांनी पोपटी निवडला. तुमच्या अंगावर तो कसा दिसेल ते मला लिहवत नाही. पण निवडल्यावर ते एवढे खूश झाले, जसं काही त्यांनीच विणलं.

पैसेही त्यांनी रोख दिले, मालकाकडून पगारावर उचल घेऊन. मी म्हटलं हप्त्यात धरा. म्हणाले, "हप्त्यात धरू नोको. हे माह्या पैशाचं."

ताणा अजून लावलेला नाही. तुम्ही म्हणाल तर मी त्यांना सांगते की पोपटी रंग कच्चा निघाला, पहिल्याच पाण्यात सुटला, म्हणून वांगी घातला. त्यांना खरं वाटेल. तुमच्या उत्तरापर्यंत माग थांबवते.

जया


नंदनवन, नागपूर
१९ फेब्रुवारी १९७९

जया हीस अनेक आशीर्वाद.

चाळीस रुपये पोचले. सही करून घेतले आणि पिठाच्या डब्यात ठेवले. आता उरले दोनशे साठ, ते सोडणार नाही.

उमरेडहून आल्यापासून हे शीळ घालत फिरत आहेत. तुझ्या घरी आत जाऊन बसले हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो अजून उतरलेला नाही. पुढच्या खेपेला दारातच उभे कर, पाणी दे आणि पाठवून दे. हा तिळपापड मरेपर्यंत राहणार आहे, तू तो मनावर घेऊ नकोस.

लुगडं पोपटीच विण. मला तो रंग मुळीच आवडत नाही. लतिका म्हणेल, आई, तू कैरी दिसून राहिली. भिशीतल्या बायका तोंडाला पदर लावतील. लावू देत. पाडव्याला मी तेच नेसून गांधीबागेत यांच्या दुकानावरून जाईन आणि सगळ्यांना सांगेन, आमच्या यांची निवड आहे. या वेळी ते खरं असेल.

तुझी दोन्ही वांगी मी नेसते, आणि रिठ्याने धुते. त्यांत तुझा हात आहे ते आता मला माहीत आहे आणि मी ते सोसते.

पण हे यांचं आहे. याच्या आतल्या टोकाला पिवळे धागे घालू नकोस.

गोपिका